रुमालातले कागद आणि एका ओळीचा हुकूम

परवा संध्याकाळी पुतणी आली ती आपला संगणक काखोटीला मारूनच आली. माझ्या जुन्या फ्लॉप्यांतून कोणे एके काळी सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलेल्या सहाशे अठरा फायली तिच्यापुढे ठेवल्या. तिने काळा पडदा उघडला. त्यावर ना चित्र, ना खिडकी. नुसती एक लुकलुकणारी रेघ. तिथे तिने एक ओळ लिहिली. आधी 'लिब्रे ऑफिस' या प्रोग्रॅमचे नाव, मग खिडकी न उघडता काम करण्याची सूचना, मग कोणत्या नव्या प्रकारात रूपांतर करायचे ते, आणि शेवटी एक तारका. तारका म्हणजे या जातीच्या सगळ्या फायली. एंटरची कळ दाबली आणि ती आत चहा टाकायला गेली. चहा उकळेपर्यंत माझे पंचवीस वर्षांचे लेखन एका रूपातून दुसऱ्या रूपात गेले होते.

वाचकहो, आनंद झाला हे खरे. पण पोटात कुठेतरी कालवल्यासारखेही झाले. सहाशे अठरा फायलींपैकी एकही कुणी उघडून वाचली नव्हती. त्या क्षणी मला रियासतकारांची आठवण झाली. गोविंद सखाराम सरदेसाई. नगरच्या जिल्हा वाचनालयात विद्यार्थीदशेत त्यांच्या 'मराठी रियासती'चे खंड मी हाताळले. १८३८ साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयातली पुस्तकांची गार, धुळकट हवा आणि रियासतीचे जाडजूड खंड यांची माझ्या मनात कायमची गाठ बसली आहे. पुढे बँकेत नोकरी लागली, कादंबऱ्या लिहिल्या, निवृत्त झालो. पण हा माणूस मनातून गेला नाही. मला त्यांच्यात इतिहासकाराइतकाच एक काटेकोर कारकून दिसत आला. हा शब्द मी आदराने वापरतो. मी स्वतः जन्मभर तेच केले.

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल या खेड्यात झाला. घरची परिस्थिती कोकणातल्या त्या काळच्या बहुतेक घरांसारखी, बेताची. शाळा रत्नागिरीस, पुढचे शिक्षण पुण्या-मुंबईस. १८८८ साली पदवी घेतली आणि दुसऱ्याच वर्षी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरी धरली. काम काय, तर महाराजांना वाचून दाखवायचे. पुढे राजपुत्रांना शिकवायचे कामही आले. महाराजांबरोबर विलायतेचा प्रवास घडला. महाराजांच्या इच्छेवरून मॅकिआव्हेली आणि सीली यांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणले.

मुलांना इतिहास शिकवायचा तर हाताशी धड मराठी पुस्तक नाही, म्हणून त्यांनी टिपणे काढायला सुरुवात केली. त्या टिपणांतून १८९८ साली 'मुसलमानी रियासत' झाली, १९०२ पासून 'मराठी रियासत' निघू लागली, आणि मूळ आडनाव मागे पडून लोक त्यांना रियासतकार म्हणू लागले. नोकरी दिवसा आणि इतिहास उरलेल्या वेळात, असे पस्तीसएक वर्षे चालले. नोकरी सांभाळून लेखन करणाऱ्याला या वाक्याचे वजन कळेल. सकाळी उठून दोन तास लिहायचे आणि मग दिवसभर दुसऱ्याच्या कागदांवर सह्या करायच्या, हे मी अनेक वर्षे केले आहे.

त्याच १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद काढले, स्वतः वाचले आणि बावीस खंड उभे केले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढले आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास देह ठेवला. कागद हातात घेऊन त्याच्याशी झुंजणारा तो माणूस होता. सरदेसाई वेगळ्या प्रकृतीचे. ते जमवणारे, लावणारे, क्रम देणारे. दोघांनाही मराठी इतिहासाचीच ओढ होती. पण एकाची रीत झुंजाराची, दुसऱ्याची दप्तरदाराची.

१९२५ साल सरदेसायांच्या आयुष्यात वाईट उजाडले. त्यांचा मुलगा श्यामकांत रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकला, पुढे उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला. तो ऐन तारुण्यात त्या वर्षी वारला. त्याच वर्षी बडोद्याची नोकरी संपली. साठीचा माणूस, पुत्रशोक आणि हातात रिकामा वेळ. ते पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या कामशेत या छोट्या गावी राहिले. मुलाची पत्रे त्यांनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. शेकडो मृतांची पत्रे लावणाऱ्या माणसाने आपल्या मुलाची पत्रे लावताना काय सोसले असेल, याची कल्पना कादंबरीकार असूनही मला नीट करता येत नाही.

आणि मग पेशवे दप्तर आले.

पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत, त्या काळच्या एलिएनेशन ऑफिसात, तीस हजारांहून अधिक रुमाल बांधून ठेवलेले होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. पेशवाई बुडाल्यावर सरकारच्या हाती लागलेली दप्तरे आणि १८५२ नंतर इनाम कमिशनने गोळा केलेले कागद, असा तो लक्षावधी कागदांचा डोंगर. सरकारच्या दृष्टीने ती जमिनींच्या हक्कांची कागदपत्रे होती, म्हणून अभ्यासकांना दार बंद. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने रोजनिशीतले उतारे तेवढे बाहेर आले. गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेले ते उतारे १९०२ पासून छापले गेले. पण मूळ डोंगर तसाच राहिला. राजवाड्यांसारख्या माणसाचे अख्खे आयुष्य त्या दाराबाहेर गेले.

ते दार उघडण्यासाठी बंगालचे जदुनाथ सरकार यांनी सरकारदरबारी वजन खर्च केले. सरदेसायांची आणि त्यांची मैत्री विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. ती पुढे १९५८ मध्ये जदुनाथ वारले तोवर, जवळजवळ पन्नास वर्षे, मुख्यतः पत्रांतून चालली. सरकारने १९२९ मध्ये काम मंजूर केले आणि ते सरदेसायांकडे सोपवले. तेव्हा त्यांचे वय चौसष्ट. माझे आजचे वय तेच आहे, म्हणून हा आकडा मला टोचतो.

पैसा बेताचा, मुदत तुटपुंजी, मदतनीस थोडे. रुमालांतला बहुतेक भाग हिशेबी: वसुली, इनामे, खर्चाच्या यादी. राजकारणाचे पत्र त्यात कुठेतरी एखादे. रुमाल सोडायचा, कागद चाळायचे, हवे ते बाजूला काढायचे, मोडीचे बाळबोध करायचे, विषयवार लावायचे, प्रत्येक पत्रावर इंग्रजीत दोन ओळींचा सारांश द्यायचा आणि छापखान्याकडे पाठवायचे. १९३० ते १९३४ या अवधीत पंचेचाळीस खंड बाहेर पडले. महिन्या-सव्वा महिन्याला एक खंड. आजच्या भाषेत याला घाऊक रूपांतर म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की तिथे तारका नव्हती. तारकेच्या जागी माणसे बसली होती आणि त्यांना काय घ्यावे, काय सोडावे याचे नियम देणारा एक म्हातारा.

नगरकरांनी या मालेचा पहिलाच खंड आवर्जून पाहावा. तो उदगीरच्या लढाईचा आहे. १७५९ मध्ये आपला नगरचा किल्ला निजामाच्या किल्लेदाराकडून, कवी जंगाकडून, पेशव्यांच्या हाती आला. त्यातून निजामाशी जे पेटले त्याचा शेवट १७६० च्या आरंभी उदगीरला झाला. त्याच किल्ल्यात पुढे १७९८ साली नाना फडणीस कैदेत होते आणि १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू. आपण रिक्षाने किल्ल्यावरून जातो तेव्हा यातले काही मनात येत नाही. पण सरदेसायांनी काम सुरू केले आणि सगळ्यात आधी जो खंड निघाला, त्यातल्या कथेचा धागा नगरच्या तटाला बांधलेला होता.

मोडीचे बाळबोध करणे म्हणजे नुसते अक्षराला अक्षर ठेवणे नव्हे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. शब्दांमध्ये जागा नसते. ओळ आधी आखून तिला अक्षरे लटकवत बोरू पुढे पळालेला असतो. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. दिन की दीन, सुत की सूत, हे मजकुराच्या ओघावरून कळायचे. तारखेचे तर विचारू नका. पत्रावर तिथी असते किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, पण साल पुष्कळदा नसतेच. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते ठाऊकच होते. दोनशे वर्षांनी ते साल संपादकाने जंत्री पुढे ठेवून, पत्रातल्या माणसांच्या जन्ममृत्यूवरून बसवायचे. बसवले की ते छापले जाते आणि छापले की तेच खरे होऊन बसते.

या घाईवर टीका झाली. पुण्यातल्या कित्येक संशोधकांना हे काम मंडळाबाहेरच्या माणसाकडे गेले हेच पटले नव्हते. काही पत्रांची साले चुकली, काही वाचने चुकली, आणि निवड राजकारणाच्या अंगाने झाली. कुणब्याचा सारा, बाजारातला भाव, बलुत्याचा हक्क हे हिशेबी रुमालांतच राहिले. पुढे आर्थिक आणि सामाजिक इतिहासाचे देशी-परदेशी अभ्यासक नेमके त्या मागे राहिलेल्या रुमालांकडे वळले. टीका खोटी नव्हती. पण एक गोष्ट मला बँकेतल्या माणसाच्या नजरेने दिसते. सरदेसायांनी मूळ कागद जिथे होते तिथेच राहू दिले. छापलेल्या खंडातली चूक उद्या कुणी दाखवू शकेल, कारण रुमाल अजून बांधलेला आहे. रूपांतर करणाऱ्याच्या हातून चूक होणारच. मूळ शाबूत असले की ती दुरुस्त होते.

हे मी शिकलो ते इतिहासातून नव्हे, नोकरीत. शाखा संगणकावर घ्यायच्या त्या वर्षांत मी जिल्ह्यातल्या एका आडगावच्या शाखेत अधिकारी होतो. खातेवह्यांतली नावे यंत्रात भरली गेली आणि एका रात्रीत सगळी खाती नव्या व्यवस्थेत गेली. सकाळी शिल्लक जुळली. आम्ही पेढे वाटले. तीन महिन्यांनी एक विधवा बाई पासबुक घेऊन आली. तिच्याच नावाची, तिच्याच गावची दुसरी बाई होती आणि यंत्राने दोघींना एकच गिऱ्हाईक समजून एका क्रमांकाखाली घातले होते. हिची निवृत्तिवेतनाची रक्कम तिच्याकडे दिसत होती. एकूण शिल्लक मात्र पैशापर्यंत बरोबर! जुनी खातेवही रद्दीत गेली नव्हती म्हणून बाईचे पैसे मिळाले. तो हुकूम मी दिला नव्हता, पण तपासल्याची सही माझी होती.

म्हणून त्या संध्याकाळी चहा झाल्यावर मी पुतणीला म्हटले की फायली मोज. आत गेल्या सहाशे अठरा. बाहेर आल्या सहाशे अकरा. सात फायली कुठे गेल्या? तिने पाहिले आणि जीभ चावली. माझ्या निरनिराळ्या फ्लॉप्यांत 'भाग १', 'भाग २' अशी तीच ती नावे होती. सगळे रूपांतर एकाच फोल्डरमध्ये काढल्यामुळे त्याच नावाची दुसरी फाईल आली की पहिलीवर जाऊन बसली. यंत्राने विचारले नाही, की कुरकुरले नाही. बुजलेल्या सातांपैकी चार माझ्या वडिलांच्या आठवणी होत्या.

वडील पारनेर तालुक्यात तलाठी होते. मोडी त्यांना पाण्यासारखी येत असे. १९९९ साली ते अंथरुणाला खिळले तेव्हा रोज संध्याकाळी ते सांगत आणि मी टंकत असे. बाहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायला आलेली माणसे, हजेरीपटावरचे अंगठे. २००१ मध्ये ते गेले. त्या आठवणींची दुसरी प्रत नाही. मूळ फायली जागेवर होत्या म्हणून बरे. पुतणीने हुकुमाची ओळ बदलली, प्रत्येक फ्लॉपीला तिचा वेगळा फोल्डर दिला आणि या वेळी सहाशे अठराच्या सहाशे अठरा उतरल्या.

पण ते अर्धेच काम होते. जुन्या मराठी टंकांत आपले 'क' हे अक्षर यंत्राला 'क' म्हणून ठाऊकच नसते. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले. वरचा टंक काढून घेतला की खाली नुसती इंग्रजी कचकच. युनिकोड आल्यावर प्रत्येक अक्षराला स्वतःचे घर मिळाले, पण जुने लेखन त्या घरांत नेऊन बसवावे लागते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, नव्यात ती अक्षरानंतर यावी लागते. रफार जुन्यात मागून येतो, नव्यात पुढे. 'स्थिती' म्हणायचे तर वेलांटीला सबंध जोडाक्षर ओलांडून न्यावे लागते. पुतणीने त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पुन्हा एका ओळीत सगळे उरकले.

रात्री मी वडिलांच्या आठवणी वाचायला घेतल्या. तिसऱ्याच पानावर थबकलो. वडील पारनेरकडच्या दर्या उतरून वसुलीला जात होते. पारनेरात दर्या! जिथे प्यायला पाणी नाही तिथे समुद्र! शब्द अर्थातच दऱ्या होता. आडवा, कोयतीसारखा 'र' त्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हता, त्याने सगळीकडे रफार करून टाकला होता. नकलनविसाची चूक एका ओळीत असते, फार तर एका पानात. हुकुमाची चूक सहाशे अठरा फायलींत एकाच वेळी असते, आणि सगळीकडे सारखी असल्याने बरोबर असल्यासारखी दिसते. पुतणी म्हणाली की काका, एका ओळीत सगळीकडचा दर्या काढून दऱ्या घालते. मी तिला थांबवले. माझी एक कादंबरी कोकणातली आहे. तिच्यात खरोखरच दर्या आहे.

आता रोज रात्री मी वीसेक पाने वाचतो. पुतणीला ते खुळेपणाचे वाटते. पण ती येते तेव्हा तीही चार पाने वाचते.

सरदेसाई पंचेचाळीस खंडांवर थांबले नाहीत. जदुनाथांच्या जोडीने पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची माला हाती घेतली. मग सगळा जन्म ज्या कागदांत गेला ते पचवून, १९४६ ते १९४८ या काळात, मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे लावली त्यांनी १९५६ मध्ये आपली 'माझी संसारयात्रा' सांगितली. इंग्रज सरकारने रावबहादूर केले होते, १९५७ साली स्वतंत्र भारताने पद्मभूषण दिले. रियासतीच्या चुका नव्या कागदांच्या आधारे ते स्वतःच दुरुस्त करीत राहिले. आपण लिहिलेले शेवटचे, असे त्यांनी मानले नाही. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेतला ते वारले, वय चौऱ्याण्णव. पुढल्या वर्षी, १९६० मध्ये, नगरला आपले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि मोडी कागदांना या गावातही एक छप्पर मिळाले.

हे सगळे जुन्या बाजारातले आहे असे कुणाला वाटेल. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, सरकारने त्यासाठी समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी किंमत आली. कागद हजारोंनी स्कॅन झाले. यंत्राने कागदाचे चित्र काढले. पण चित्रातला एक शब्द वाचायला शेवटी माणूसच बसवावा लागला. त्या एका शब्दावर कुणाचे प्रमाणपत्र आणि कुणाचा प्रवेश अवलंबून होता. माझे वडील असते तर त्यांना पुन्हा कामावर बोलावले असते.

घाऊक रूपांतर करू नये असे मी म्हणणार नाही. केले नसते तर पेशवे दप्तर आजही बंद असते आणि माझ्या वडिलांचा दुष्काळ कुणालाही न उघडणाऱ्या फायलींत वाळून गेला असता. हुकूम द्यावा, मात्र आधी मोजावे, नंतर मोजावे, मूळ जपावे आणि मग चष्मा पुसून वाचायला बसावे. सरदेसायांनी चौसष्टाव्या वर्षी ते काम अंगावर घेतले. माझ्यापुढे फक्त सहाशे अठरा फायली आहेत. काल रात्री दोनशे चारावी संपली. वडील आता दऱ्या उतरून सुखरूप गावात पोचले आहेत.